कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघाचा नवा कोच झालास? मग हे ऐक

भाऊ, अभिनंदन! पहिल्या वर्षी चषकाचं डोक्यातून काढ. सर्व्हिस आणि पास, एवढंच धर. नवे कोच पहिल्याच दिवशी स्मॅश मारायला लावतात. पोरांनाही तेच हवं असतं. पण पास सेटरपर्यंत, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तर स्मॅश मारणार कशावर? मीही हेच केलं आणि पहिल्याच फेरीत संघ घेऊन घरी आलो.

- नेट मोजून बांध: मुलांना २.४३ मीटर, मुलींना २.२४. अंदाजाने बांधलं की उडीची सवय बिघडते.
- जळगाव-भुसावळचं ऊन तुला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी सहालाच.
- त्याच सहा जणांना खेळवत बसू नकोस. बाकावरची पोरं हळूच यायची बंद होतात.

लिबेरो (फक्त मागे बचाव करणारा खेळाडू), रोटेशन (खेळाडूंनी क्रमाने जागा बदलणं) यांचे डावपेच पुढच्या हंगामात बघू.