गावाची मंडई आणि झाडीपट्टीचं नाटक पाहुण्यांना दाखवायचं आहे, सोबत वारसा-फेरीही. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव नवेगावबांधच्या जंगलाला लागून आहे, सफारीच्या गाड्या रोज गावातून जातात, पण चहालासुद्धा कुणी थांबत नाही. गावात जुना तलाव आहे, पडकी गढी आहे, भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या धानपट्ट्याचं, नाटक होतं. आता पोरांच्या मनात आहे की दर शनिवारी संध्याकाळी पर्यटकांसाठी तासाभराचं नाटक करावं आणि रविवारी सकाळी गावातून फेरी काढावी.

फेरी जरूर काढा. तासाभराचं नाटक मात्र करू नका. का ते सविस्तर सांगते, कारण ही चूक आम्ही करून बसलो आहोत.

मी मूळची नागपूरची. लग्न होऊन गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या या गावात आले त्याला बावीस वर्षं झाली. गावातल्या नाट्यमंडळाची पोरं आणि आमचा बचत गट मिळून सहा हिवाळे झाले, आम्ही पाहुण्यांना गाव दाखवतो. हिवाळ्यात पाच-सहा फेऱ्या होतात, एका वेळी बाराच माणसं घेतो.

पहिल्या वर्षी एका रिसॉर्टवाल्यानं विचारलं होतं, हिरवळीवर पाऊण तासाचा कार्यक्रम कराल का? पैसे बरे होते. आम्ही दंडारीचे, म्हणजे इथल्या लोकनाट्यातले, दोन नाच बसवले, नाटकातला एक प्रवेश घेतला, दोन गाणी घेतली. समोर जेवणं चालू होती. लोक वाईट नव्हते, टाळ्याही दिल्या, पण प्रवेश कुठून आला, ही बाई कोण, भाऊ तिच्या दारात का उभा आहे, हे त्यांना कळणार कसं? आमच्याकडे जुने दंडारी आहेत एक, सत्तरी ओलांडलेले. गाडीत बसल्यावर गमछानं रंग पुसत म्हणाले, "बाई, एक बी माणूस रडला नाही जी. बाया रडल्या नाही तं नाटक पडला म्हनावा." घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. तो कार्यक्रम आम्ही परत केला नाही.

झाडीपट्टीचं नाटक रात्रभराचं असतं, आणि त्याला रात्रभर लागतेच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. धान कापून झालेलं असतं, हातात चार पैसे असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात. गावोगावी मंडई भरते, आज आमच्या गावची तर उद्या शेजारच्या. दिवसा दंडार, गोवाऱ्यांचे नाच, खेळण्यांची आणि मिठाईची दुकानं, रात्री नाटक. गावात नाटक आहे म्हटलं की प्रत्येक घरी पाहुणे. "नाटकाले येजा" हे आमच्याकडे लग्नाच्या आमंत्रणाइतकं पक्कं असतं. सोयरिकीसुद्धा या निमित्तानं जुळतात. मुलगी दाखवायला वेगळा कार्यक्रम कशाला, नाटकाला आलेच आहेत सगळे.

नाटक वडशाचं. देसाईगंज म्हणा की वडसा म्हणा, तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, बाहेर नटनट्यांचे फोटो लावलेले फलक. गावच्या नाट्यमंडळाची माणसं तिथे जातात, कोणतं नाटक, कोण नट, कोण हिरोईन, विनोदी काम कोण करणार हे बघतात, तारीख ठरवतात, इसार देऊन येतात. नाटकाचा सगळा खर्च मंडळाच्या अंगावर. तिकीट विकून तो काढायचा, उरलं तर गावाच्या कामाला, तुटलं तर पोरांनी खिशातून भरायचं. आमच्या शाळेतली पाण्याची टाकी अशाच एका वर्षीच्या शिलकीतून झाली.

आता ती रात्र डोळ्यांसमोर आणा. रात्री नऊच्या सुमाराला कंपनीची गाडी येते. काल दुसऱ्याच गावात पहाटेपर्यंत काम केलेली माणसं त्या गाडीत बसल्या बसल्या झोपून आलेली असतात. कनातीमागे बल्बच्या उजेडात रंग लागतो. मंचाच्या कडेला ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, आणि विंगेत प्रॉम्प्टर वही घेऊन. समोर सतरंज्या आणि चटया, मागे खुर्च्या. बाया घरून पोरं, चादरी, ब्लँकेटं घेऊन येतात, जागा धरतात. नांदी होते आणि मग गोष्ट सुरू. सासुरवास, दारू, कर्ज, भावाभावांचं भांडण, बहिणीची वाटणी. आमच्या जवळची दुःखं. मध्ये विनोदी नट येऊन पोट धरून हसवतो, गाण्याला वन्स मोअर होतो, बक्षिसं पुकारली जातात. तीन वाजता मांडीवरचं पोर जागं होतं, त्याला थोपटत थोपटत बाई मंचाकडे बघत असते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं असतं. शेवटचा प्रवेश संपेस्तोवर कोंबडे आरवायला लागतात. हे तासात कसं बसवणार?

पाहुण्यांनी ही रात्र अशीच पाहावी. म्हणून आम्ही फेरीची तारीख नाटकावरून ठरवतो, नाटकाची तारीख फेरीवरून नाही. पाहुणा गावकऱ्यांच्याच खिडकीवर, त्याच दरानं तिकीट काढतो. वेगळा कोपरा नाही, पुढची राखीव जागा नाही. बाराजणांना तीन-चार घरांत वाटून देतो आणि त्या घरच्या बायांबरोबर ते मंडपात बसतात. शेजारी बसलेली काकू गोष्ट सांगत जाते, "हा मोठा भाऊ, याच्या मनात खोट आहे." त्यापेक्षा चांगला वाटाड्या आम्हाला आजवर मिळाला नाही. एक वाजता कुणाला झोप आली तर घर जवळ आहे, झोपावं. पण बहुतेक जण पहाटेपर्यंत बसतात. पुण्याहून आलेल्या एक आजी सकाळी मला म्हणाल्या की लहानपणी गावच्या जत्रेत आईच्या पदराखाली बसून नाटक पाहिलं होतं, त्यानंतर हे आजच.

तुमच्या पोरांना एक सांगा. या रंगभूमीला कमी समजू नका. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीतल्या कामासाठीच, पाच हजारांवर प्रयोग आणि आठशेच्या आसपास भूमिका. शहरातून आलेल्या माणसापुढे आपलं नाटक दाखवताना "आमचं आपलं गावठी आहे" असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. ती आधी मोडा.

आता फेरी. रात्री जागलेली माणसं सकाळी चालणार नाहीत, म्हणून आम्ही दहानंतर निघतो. पहाटे जंगलाच्या कडेनं कुणालाच नेत नाही. वाघ आहे, आणि 2021 पासून छत्तीसगडकडून हत्तीही येऊ लागले आहेत. तुमचा रस्ता वनहद्दीतून जात असेल तर वनविभागाला आधी विचारा, आणि हद्दीबाहेरचा रस्ता मिळत असेल तर तोच धरा.

फेरीचा जीव तलावात ठेवा. गढी दहा मिनिटांत बघून होते. तलाव मात्र वाचायला शिकावं लागतं.

आम्हीही ते शिकलो. पहिल्या फेरीत आमचा एक मुलगा पाळीवर उभा राहून सांगत होता, हा तलाव पांडवांनी एका रात्रीत बांधला. खाली तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले एक आजोबा बैलांना पाणी पाजत होते. ते काठी टेकत वर आले. "पांडवायले का काम होता इथं? आमच्या आज्याच्या आज्यानं बांधला." आणि मग त्यांनीच सगळं दाखवलं. पाळीच्या आतल्या अंगाला लाटेनं माती सुटू नये म्हणून दगड कसे लावलेत. पाणी सोडायची मोरी कुठे आहे. जास्तीचं पाणी निघून जायची वाट कुठून आणि खालच्या गावच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, ते कसं जातं. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी आधी, कुणाच्या नंतर. काठीच्या टोकानं चिखलात रेघा ओढून त्यांनी अख्खा नकाशा काढला. त्या दिवसापासून फेरीत तलाव तेच सांगतात, आणि त्यांच्या वेळेचे पैसे आम्ही देतो.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. जो तलाव बांधील त्याला खालची जमीन, अशी गोंड राजांची रीत होती, आणि कोहळी समाजानं या कामात पिढ्या घातल्या. तुमच्या शेजारचा नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पुढे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, आले, तलाव त्यांच्या नावावर गेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' आणि बोलण्यात 'मामा तलाव'. बाहेरच्या माणसाला हा 'मामा' कोण ते कळत नाही, तिथे थांबून सांगायचं. मालकी गेली तशी गाळ काढायची, पाळ सांभाळायची जबाबदारीही अनेक ठिकाणी कुणाचीच उरली नाही. बेशरमची झुडपं माजली, गाळ भरला. हेही लपवू नका. ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या, बाया शिंगाडे काढत असतील तर त्यांना विचारून, त्यांचं काम न अडवता, दोन शब्द बोलू द्या आणि शिंगाडे त्यांच्याकडूनच विकत घ्या.

वाटाड्यांना आम्ही एकच गोष्ट घोकून घेतली आहे. जे ठाऊक आहे ते "आहे" म्हणून सांगायचं आणि जे ऐकलंय ते "सांगतात" म्हणून. पांडवांची गोष्टही सांगा, गोड आहे, पण "सांगतात" म्हणून.

आजूबाजूची मोठी ठिकाणं एका दिवसात कोंबू नका. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडादेवाची मंदिरं आहेत, तिथलं कोरीवकाम बघायला अर्धा दिवस तरी हवा, आणि महाशिवरात्रीच्या जत्रेत गेलात तर गर्दीत कोरीवकाम दिसणारच नाही. वैरागडचा किल्ला आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे. भंडारा जिल्ह्यात पवनी आहे, जिथे 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप सापडला. ज्यांना आवड आहे ते वेगळे जातील. तुम्ही पत्ता आणि रस्ता सांगा, पुरे.

जेवण घरचंच ठेवा. भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, पातोडी, वालाच्या शेंगांची भाजी, जवसाची चटणी. पनीर आणू नका. आमच्या बायांनी पहिल्यांदा लाजून पनीर केलं होतं, पाहुण्यांनी ते तसंच ठेवलं आणि चटणी तीनदा मागितली.

पैशांचं आधीच उघड बोला, नाहीतर दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेलं. आम्ही जेवण आणि मुक्कामाचे पैसे थेट त्या घराला देतो, फेरीचे वाटाड्याला आणि आजोबांना, आणि थोडा भाग मंडळाच्या खात्यात. हिशेब नाटकानंतरच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचतो. दुसरं, बायकांसाठी मंडपाजवळ दारं लागणारं, दिवा असलेलं संडास. ते नसेल तर फेरी सुरूच करू नका. आधी ते करा, गावातल्या बायाही दुवा देतील. तिसरं, नाटक चालू असताना मोबाइलचा दिवा लावून चित्रण नाही, आणि रडणाऱ्या बाईचा फोटो तर अजिबात नाही.

शंकरपटाबद्दल, म्हणजे बैलांच्या शर्यतींबद्दल, तुम्ही विचारलं होतं. 2014 साली बंदी आली, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा मान्य केला, त्यामुळे नियम पाळून पट होतात. पण परवानगी, नियम, बैलांची काळजी हे पट भरवणाऱ्या मंडळाचं काम आहे. तुमच्या गावात पट असेल तर पाहुण्यांना बघायला न्या, फेरीसाठी म्हणून भरवू नका.

दर शनिवारचा विचार सोडा. यंदा एकच फेरी करा, तुमच्या मंडईला, आठ-दहा ओळखीच्या माणसांना घेऊन. त्याआधी ग्रामसभेत विषय मांडा आणि ज्यांच्या घरी पाहुणे उतरायचे त्या बायांना विचारा, त्यांच्या घरच्या पुरुषांना नाही. आणि नाटक ठरवायला मंडळी वडशाला निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर जा. तारीख पक्की झाली की इथेच खाली लिहा, आमच्या गावचं नाटक त्या रात्री नसेल तर मी आमच्या दोन पोरांना घेऊन येते.