मेम्फिसहून न्यू ऑर्लिन्सला गाडीने जाताना थांबण्यासारखं एखादं छोटं गाव आहे का? दक्षिणेतल्या त्या खेड्यांना काही इतिहास असतो का?

आहे. माउंड बायू, मिसिसिपी. हायवे ६१ वर, वस्ती दीड हजाराच्या आसपास. बाकीची यादी गूगल देईल. मी लिहायला बसले ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळे. अगदी हेच माझ्या थोरल्या दिरांनी न्यू जर्सीत, चकली मोडता मोडता विचारलं होतं, आणि दिवाळीचा दिवस म्हणून मी गप्प बसले होते.

नवरा डॉक्टर. व्हिसाची मायदेशी परतायची अट माफ व्हावी म्हणून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात करायची तीन वर्षांची नोकरी (तिला 'वेव्हर' म्हणतात) आम्ही मिसिसिपीच्या डेल्टात काढली. मला काम करायची परवानगी नव्हती. तिथल्याच क्लीव्हलँडला (ओहायोतलं नव्हे) घर होतं, तिथून माउंड बायू उत्तरेला दहा-बारा मैल. दिरांनी फोनवर बजावलेलं, "ती सगळी काळ्यांची वस्ती. काचा वर करायच्या आणि सरळ निघून जायचं."

एका मंगळवारी गेलेच. जुन्या टॅबोरियन हॉस्पिटलसमोर गाडी लावून बघत होते, तर समोरून सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. कोण, कुठली, कुणाकडे आलीस? आमच्या लातूरकडे विचारतात तसंच. नवरा डॉक्टर म्हटल्यावर त्यांनी दाराकडे बोट केलं. "माझी आई या पुढच्या दारानं आत गेली आणि मला घेऊन पुढच्याच दारानं बाहेर आली."

मला आधी कळेना, यात सांगण्यासारखं काय. त्या काळी मिसिसिपीत गोऱ्यांच्या दवाखान्यात काळ्या पेशंटला घेतलं तर मागच्या नाहीतर बाजूच्या दारानं, वॉर्डही वेगळा. हे हॉस्पिटल १९४२ साली काळ्यांच्याच एका भ्रातृमंडळानं उभारलं, डॉक्टर-नर्स सगळे काळे. प्रौढ सभासदाची वर्गणी वर्षाला ८ डॉलर ४० सेंट, त्यात ३१ दिवस भरती, ऑपरेशनसुद्धा. आमचा एका महिन्याचा विम्याचा हप्ता सांगितला तर तुम्ही हसाल.

गावच मुळात काळ्यांनी वसवलेलं, १८८७ मध्ये. आयझाया माँटगोमेरी आणि त्याचा नात्यातला भाऊ बेंजामिन ग्रीन, दोघंही जन्मानं गुलाम. माँटगोमेरीचं कुटुंब ज्या जोसेफ डेव्हिसच्या मालकीचं होतं, तो जेफरसन डेव्हिसचा सख्खा भाऊ; हा जेफरसन म्हणजे गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष. रेल्वेला लोहमार्गालगत वस्ती हवी होती आणि या मलेरियाच्या दलदलीत कुणी यायला तयार नव्हतं, म्हणून जमीन मिळाली. जंगल तोडायचं, लाकूड विकायचं, हप्ता भरायचा.

हाच माँटगोमेरी मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटना परिषदेत एकमेव काळा प्रतिनिधी होता, आणि काळ्यांचा मताधिकार काढून घेणाऱ्या कलमांच्या बाजूनं त्यानं मत दिलं! माझ्या मते ही चूकच. गाव वाचवायला म्हणून राज्यभरच्या लोकांचं मत विकलं. बाईंना मी तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला यावरून भांडण होतं. निम्मं टेबल तुझ्या बाजूनं आहे."

मग मलाही सांगावंसं वाटलं. म्हटलं, हे गाव वसायच्या चौदा वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. बाईंनी पर्समधून विजेचं बिल काढलं, पाठीमागे नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "म्हणजे सोडवणाऱ्यांचे आभार मानले. सुटलेल्यांना काही लिहिलं का त्यानं?"

मला उत्तर सुचलं नाही. शाळेत आम्हाला ती अर्पणपत्रिका केवढ्या कौतुकानं सांगितली होती, आणि असं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तर हो, इतिहास असतो. १९५५ साली गोऱ्यांनी मारलेल्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या, एमेट टिलच्या, खून खटल्यात त्याची आई इथल्याच डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड यांच्या घरी उतरली होती, बंदुकांच्या पहाऱ्यात. १९६७ मध्ये इथं सुरू झालेल्या आरोग्य केंद्रात डॉ. जॅक गायगर कुपोषित मुलांना चिठ्ठीवर औषधाऐवजी दूध, भाजी, मांस लिहून द्यायचे आणि किराण्याचं बिल औषधांच्या खात्यातून चुकतं व्हायचं. सरकारी माणसांनी हरकत घेतली, तर म्हणाले, कुपोषणावर औषध अन्नच. हे ऐकून नवरा दोन दिवस खुशीत होता.

आता राहिलेलं सांगते. बघायला फार काही आहे असं समजून जाऊ नका. १९४१ च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग गेला, बऱ्याच इमारती पडक्या आहेत. म्युझियम छोटं आहे, आधी फोन करा. निव्वळ फोटो हवे असतील तर नॅचेझला जा. पेट्रोल क्लार्क्सडेललाच भरून घ्या. याच हॉवर्डनी १९५२ मध्ये गाड्यांवर स्टिकर लावायला लावले होते: जिथं बाथरूम वापरू देत नाहीत तिथं पेट्रोल भरू नका. आता सगळीकडे वापरू देतात.

दीर मागच्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला जाऊन आले. विमानानं.