लघवीचं इन्फेक्शन झालं की अल्झायमर असलेली आजी एकदम जास्त का बरळते? मेंदूला संरक्षक पडदा असतो ना?

असतो, पण तो मुका नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी रक्तातल्या सायटोकाइन्सचा (इन्फेक्शन झाल्यावर शरीराच्या संरक्षक पेशी सोडतात त्या इशारा देणाऱ्या प्रथिनांचा) निरोप आत पोचवतात. जंतू सहसा खालीच, मूत्रमार्गात राहतात, निरोप मात्र वर मेंदूत जातो. अल्झायमरमध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी, आधीच चवताळलेल्या असतात, बऱ्याच जणांत पडदाही झिरपू लागलेला असतो. मग साधं इन्फेक्शनही भारी पडतं.

भुसावळच्या मे महिन्यात पाणी पिणं कमी पडलं की त्यात भरच. कालपर्यंत कळण्याची भाकरी हाताने मोडून खाणारी आजी आज ताटाकडे नुसती बघत बसली, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, लघवी-रक्त तपासा. अँटिबायोटिक मनाने देऊ नका.