खारं पाणी गोठतं कसं आणि समुद्रावर बर्फ साचल्यावर खालचे जीव जगतात कसे?

तुम्ही विचारलंय की मिठाचं पाणी सहजासहजी गोठत नाही, तर ध्रुवांजवळचे अख्खे समुद्र कसे गोठतात? वर बर्फ पसरल्यावर खालचे जीव अंधारात गुदमरत कसे नाहीत? आणि बर्फ कमी झाला तर ऊन जास्त मिळेल, मग समुद्राचं भलंच होणार नाही का?

मी समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास करतो आणि समुद्री बर्फ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हिमनग बाजूला ठेवू, ते जमिनीवरच्या हिमनद्यांचे तुटलेले, गोड्या पाण्याचे तुकडे असतात. समुद्राचं पाणी जागच्या जागी गोठून होतो तो बर्फ वेगळा. तो सच्छिद्र असतो, ती छिद्रं मिठामुळे राहतात, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या छिद्रांमध्येच आहे.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते शून्याला न गोठता उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. पण फरक एवढाच नाही. तळ्याचं गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वरच राहतं, म्हणून तळं वरून पटकन गोठतं. समुद्राचं पाणी मात्र गोठण्याच्या क्षणापर्यंत जड होतच जातं. वरचं थंड पाणी बुडतं, खालचं कोमट पाणी वर येतं, तेही थंड होऊन बुडतं. हे चक्र चालू असेपर्यंत बर्फ धरत नाही. आर्क्टिकमध्ये ओब, येनिसेई, लेना या प्रचंड नद्या गोडं पाणी आणून ओततात. त्यामुळे वर कमी खाऱ्या, हलक्या पाण्याचा थर तरंगत असतो. थंड व्हायचं ते मुख्यतः या वरच्या थरानं, तळापर्यंतच्या सगळ्या पाण्यानं नव्हे, म्हणून तिथे बर्फ धरू शकतो.

गोठायला लागल्यावर आधी पाण्यात काही मिलिमीटरच्या चकत्या आणि सुया तयार होतात, त्यांना फ्रेझिल म्हणतात. त्या वर येऊन साचल्या की पाण्यावर तेलाचा तवंग आल्यासारखं दिसतं, लाटा दबतात. समुद्र शांत असेल तर यातून पातळ, लवचीक, काळपट पापुद्रा धरतो. खवळलेला असेल तर गोल चकत्या होतात, एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि पुढे त्या चिकटून सलग थर होतो. अंटार्क्टिकाभोवतीच्या मोकळ्या, वादळी समुद्रात हा दुसरा प्रकार फार दिसतो. नंतर बर्फ खालून वाढत जातो. एका हिवाळ्यात साधारण एक ते दोन मीटर, कारण बर्फ जाड झाला की तोच थंडीला अडवतो आणि वाढ मंदावते.

आता मिठाकडे येऊ. बर्फाच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. पाणी गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं. त्यातलं बरंचसं खालच्या समुद्रात जातं, पण काही बर्फाच्या पात्यांमध्ये अतिखाऱ्या पाण्याच्या रूपात अडकून राहतं. थंडी वाढली की त्या पाण्यातलंही काही गोठतं आणि उरलेलं आणखी खारट होतं. उणे १० अंशांना त्याची क्षारता समुद्राच्या जवळपास चौपट असते. म्हणजे एवढ्या थंडीतही बर्फाच्या आत द्रव पाणी शिल्लक असतं, केसाहून बारीक नळ्यांपासून बोट जाईल एवढ्या वाटांपर्यंत पसरलेलं. बर्फ उणे ५ अंशांच्या वर असला की या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि समुद्राचं पाणी आत-बाहेर करू शकतं. त्याहून थंड झाला की वाटा तुटतात आणि प्रत्येक खिसा एकटा पडतो.

प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येतं. काचेच्या टाकीत मिठाचं पाणी वरून गोठवायचं आणि बर्फावर रंगाचे थेंब सोडायचे. थोड्या वेळानं रंगाच्या बारीक धारा बर्फातून उतरून खालच्या पाण्यात सरळ तळाकडे जाताना दिसतात. मी विद्यार्थ्यांना हे हमखास दाखवतो, कारण एकदा पाहिलं की बर्फ भरीव असतो ही समजूत कायमची जाते.

या वाटांमध्ये राहणारे मुख्य रहिवासी म्हणजे डायटम, काचेसारख्या सिलिकाच्या कवचातली एकपेशीय शैवालं. ती आत शिरतात तीच मुळी बर्फ तयार होताना. फ्रेझिलचे कण वर येताना वाटेतल्या पेशींना अडकवून सोबत नेतात. आत गेल्यावर बहुतेकींचा निभाव लागत नाही. ज्या टिकतात त्या बर्फाला चिकटणारी प्रथिनं बाहेर सोडतात, भोवती बुळबुळीत पदार्थाचं आवरण करतात आणि जेमतेम प्रकाशावर गुजराण करतात. ताज्या हिमानं झाकलेला बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परतवतो, म्हणून खाली पोचतो तो अगदी थोडा. तरी वसंतात सूर्य परतला की त्यांची वाढ सुरू होते, पाण्यात तरंगणाऱ्या शैवालांच्या कितीतरी आधी.

बर्फाचा गाभा, म्हणजे पोकळ गिरमिटानं कापून काढलेला लांब दंडगोल, हातात घेतला की हे डोळ्यांना दिसतं. वरचा भाग पांढुरका, मधला निळसर आणि आर्क्टिकच्या वसंतातला असेल तर तळाचे काही सेंटिमीटर चक्क तपकिरी. तो तपकिरी भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा तर नुसता वितळवून चालत नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी बरंच गोडं असतं, आणि खाऱ्या पाण्यात मुरलेल्या नाजूक पेशी त्यात फुटतात. म्हणून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, अंधारात, हळूहळू वितळवावं लागतं. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस यांच्या १८३९ ते १८४३ च्या अंटार्क्टिक मोहिमेत वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी हा तपकिरी बर्फ पाहिला आणि तो रंग डायटमचा आहे हे ओळखलं. त्या काळातल्या साधनांनी केलेली ही ओळख मला आजही थोर वाटते.

आता खालच्या जीवांकडे. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, आणि बर्फ सलग नसतो. वारा आणि प्रवाह त्याला सतत फाडत असतात, त्यामुळे मासे आणि कवचधारी गुदमरत नाहीत. हवेत श्वास घेणाऱ्यांना मात्र कष्ट करावे लागतात. आर्क्टिकमधला रिंग्ड सील पुढच्या पायांच्या नखांनी श्वासाची भोकं उघडी ठेवतो, अंटार्क्टिकाचा वेडेल सील दातांनी बर्फ खरवडतो. आयुष्यभर खरवडून त्याचे दात झिजतात.

अन्नाची बाजू याहून महत्त्वाची आहे. अंटार्क्टिक क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे कवचधारी जीव, मोठे झाले की भर हिवाळ्यात उपास सोसू शकतात. त्यांच्या पिल्लांकडे चरबीचा साठाच नसतो. ती बर्फाच्या खालच्या अंगाला, त्याच्या कपारींमध्ये राहून शैवालं खरवडून खातात. पहिल्या हिवाळ्यात बर्फ नीट झाला नाही तर पुढच्या पिढीचे क्रिल कमी पडतात, आणि क्रिल कमी म्हणजे क्रॅबईटर सील, ॲडेली पेंग्विन, देवमासे या सगळ्यांच्या तोंडचा घास कमी. आर्क्टिकमध्ये हीच जागा कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे कवचधारी, आणि पोलर कॉड मासा घेतो. पोलर कॉडची अंडी बर्फाखालीच तरंगतात आणि त्याची पिल्लं बर्फाच्या फटींत लपतात. सील त्यांना खातात, अस्वलं सीलना.

मरून खाली पडणारी शैवालंही वाया जात नाहीत. मेलोसिरा आर्क्टिका हा डायटम बर्फाखाली मीटरभर लांबीच्या झिपऱ्यांसारखा लोंबतो. २०१२ च्या उन्हाळ्यात 'पोलारस्टर्न' या संशोधन जहाजावरच्या शास्त्रज्ञांना मध्य आर्क्टिकमध्ये चार किलोमीटर खोल तळावर त्याचे ढीग पडलेले सापडले, आणि समुद्रकाकड्या, म्हणजे तळावर राहणारे काकडीच्या आकाराचे प्राणी, ते खात होत्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे. बर्फ कमी झाल्यावर आर्क्टिकच्या पाण्यात तरंगत्या शैवालांचं एकूण उत्पादन वाढलंय, हे उपग्रहांच्या नोंदींमधून दिसतं. पण इथे किती पिकलं यापेक्षा कधी पिकलं याला जास्त किंमत आहे. कॅलनस ग्लेशियालिस या कोपेपॉडची मादी वसंतातली बर्फातली शैवालं खाऊन अंडी घालते, आणि तिची पिल्लं खाण्याजोगी होतात तेव्हा पाण्यातल्या शैवालांचा बहर येतो. दोन्हींमध्ये साधारण दोन महिन्यांचं अंतर असतं. बर्फ लवकर गेला तर पाण्यातला बहर आधीच येऊन ओसरतो आणि पिल्लं उपाशी राहतात, मग वर्षभराचं एकूण उत्पादन कितीही भरो.

काहींना तर बर्फ पायाखाली लागतो. एंपरर पेंग्विनची पिल्लं पाणी न शिरणारी पिसं फुटेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, किनाऱ्याला घट्ट धरलेल्या बर्फावर वाढतात. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात तो बर्फ त्याआधीच फुटला. तिथल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींमधली त्या हंगामाची जवळपास सगळी पिल्लं गेली असावीत, असं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दिसलं. त्या पिल्लांना जास्तीच्या उन्हाचा काडीचाही उपयोग नव्हता.