ओपन स्पेस गेली कुठं?

‘कॉलनी ते कचेरी’ : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

पत्र पहिलं

काका, नमस्कार. आमची कॉलनी शहराच्या दक्षिणेला, कळंब्याच्या वाटेवर आहे. साठ-पासष्ट घरं. गेल्या वर्षी आम्ही काही बायका आणि दोन-तीन निवृत्त मंडळींनी मिळून समिती केली. चौदा मागण्यांचं निवेदन काढलं. बाग, गटार, दिवे, स्पीडब्रेकर, भटकी कुत्री, केएमटी बसचा थांबा, सगळं त्यात. पाच ठिकाणी दिलं, पाच पोच घेतल्या, पेपरात फोटो आला. पुढं काही नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर १४२ जण आहेत, बैठकीला नऊ येतात. कॉलनीच्या मधोमध मोकळी जागा आहे, पोरं तिथं खेळायची. आता एका कोपऱ्यात कुणीतरी सिमेंटचे खांब रोवून तार ओढलीय. दुसऱ्या कडेला एका गवळ्याच्या चार म्हशी बांधलेल्या असतात. कुणी म्हणतं जागा मूळ मालकाची, कुणी म्हणतं आरक्षण होतं ते उठलं. खरं काय समजायचं, आणि आता जायचं कुणाकडं?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

ताई, चौदा म्हणजे तुम्ही कमीच मागितलंत. आमच्या कॉलनीच्या पहिल्या निवेदनात एकोणीस होत्या. एकोणिसावी ‘पोस्टाची पेटी रंगवून मिळावी’ अशी होती, आणि तेवढीच पुरी झाली.

अशा कागदाचं पुढं काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. नोकरी सगळी ट्रेसर म्हणून गेली, ट्रेसिंग कापडावर रेघा ओढण्यात आणि अमोनिया प्रिंटच्या वासात. गटार एका खात्याचं, दिवे दुसऱ्याचे, बस तिसऱ्याची, कागद मात्र एकच. ज्याच्या टेबलावर तो येतो त्याच्या दृष्टीनं त्यातल्या तेरा मागण्या दुसऱ्या कुणाच्या तरी असतात. ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून तो कागद पुढं ढकलतो. यात कुणाचा खोडसाळपणा असतोच असं नाही. तेव्हा तेरा मागण्या तूर्त कपाटात ठेवा. हातात घ्यायची ती मोकळी जागा, कारण तिला मुदत लागलीय. आज तार आहे, पावसाळ्यानंतर पत्र्याचं शेड येईल, आणि शेडला विजेचं मीटर बसलं की तुमचं काम दहापट अवघड झालं म्हणून समजा.

आता खरं काय ते. लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं बोलतात. गावाचा विकास आराखडा होतो तेव्हा त्यात बाग, शाळा, मैदान यांसाठी जागा राखून ठेवतात, ते आरक्षण. जमीन मालकाचीच असते, ती संपादन करावी लागते. नगररचनेच्या १९६६च्या कायद्यात १२७ कलम आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उठतं. ‘उठलं’ हा शब्द तुमच्या कॉलनीत तिथून आलाय.

तुमची जागा दुसऱ्या जातीची असावी असा माझा अंदाज आहे. मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना रेखांकनात, म्हणजे लेआउटमध्ये, खुली जागा सोडावी लागते. सध्याच्या नियमात चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राला दहा टक्के. ही त्या रेखांकनातल्या प्लॉटधारकांच्या वापरासाठीच सोडलेली असते, आणि १२७चा तिच्याशी संबंध नाही. म्हणून ‘आरक्षण उठलं’ हे वाक्य तिला लागू होत नाही, कितीही ठासून कुणी सांगितलं तरी. बागेची जागा दुसऱ्याच कामाला देऊन टाकण्यावरून बंगळूरच्या एका वसाहतीतले रहिवासी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. १९९१ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. मोकळी जागा ही रहिवाशांच्या जगण्याची बाब आहे आणि तिच्यासाठी दाद मागायचा त्यांना हक्क आहे, हे त्यात स्पष्ट झालं.

पण आधी माझा अंदाज खरा की खोटा ते बघायला हवं, आणि ते नकाशाच सांगेल. मंजूर रेखांकन मिळवा. ज्याच्यावर मंजुरीचा शिक्का आणि क्रमांक आहे तो नकाशा, बिल्डरच्या माहितीपत्रकातला नव्हे. खुली जागा हिरव्या रंगात असते, तिच्या चारही बाजूंची मापं मीटरमध्ये लिहिलेली असतात, आणि एका कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता असतो : एकूण क्षेत्र, रस्त्याखालचं, खुल्या जागेचं, प्लॉटखालचं. नकाशा हातात आला की आधी तो तक्ता वाचा. आमच्या कॉलनीत आम्ही ज्या तुकड्याला ओपन स्पेस समजून भांडत होतो तो तक्त्यातल्या आकड्याच्या जेमतेम निम्मा भरला. उरलेला निम्मा वीजवाहिनीखालच्या एका चिंचोळ्या पट्टीत होता आणि तिथं दोघांनी परसबाग केली होती. त्यातला एक आमच्या समितीचा खजिनदार. बैठकीत त्या दिवशी चहासुद्धा कुणी नीट प्याला नाही.

नकाशा कुठं मिळेल हे तुमची कॉलनी हद्दीत आहे की हद्दीबाहेर त्यावर ठरतं. कळंबा, पाचगाव, मोरेवाडीकडं रस्त्याची एक बाजू महापालिकेत आणि दुसरी ग्रामपंचायतीत असं असतं. हद्दीत असाल तर महापालिकेचा नगररचना विभाग. बाहेर असाल तर २०१७ साली शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण झालं, तिथं विचारा. जुन्या रेखांकनांची प्रत बिगरशेती आदेशाबरोबर महसूलच्या रेकॉर्डमध्येही असते. तुमचे प्लॉट गुंठेवारीनं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा विकून, पडलेले असतील तर मात्र मंजूर रेखांकन नसण्याचीच शक्यता जास्त. तसं निघालं तर मला पुन्हा लिहा, ते प्रकरण निराळं आहे.

प्रत सहज मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, चौदा मागण्यांची सवय इथं मोडते. ‘बाग का केली नाही?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर माहिती अधिकारी द्यायला बांधील नसतो. कागद मागा : मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत, मंजुरीचा आदेश, खुली जागा हस्तांतरित झाली असल्यास तो कागद. अर्ज चुकीच्या कचेरीत पडला तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, तेही पुढच्या तीस दिवसांच्या आत.

नकाशा आला की निवेदन एका वाक्याचं करा : ‘अमुक क्रमांकाच्या मंजूर रेखांकनातील खुल्या जागेची हद्द कायम मोजणी करून मिळावी.’ मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखकडं जागेच्या धारकानं करायचा असतो, आपण त्याला ‘तो करा’ म्हणायचं. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, लोकांच्या तक्रारी ऐकायचा. पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात अर्ज देऊन ठेवा आणि त्या दिवशी तिघी जा. तेरा जण गेले की साहेब सगळ्यांना एकदम बोलून वाटेला लावतात. तिघींना खुर्च्या मिळतात.

आणि गवळ्याशी भांडू नका. म्हशीवर रागावणाऱ्याला आपल्या गावात दूध कट्ट्यावर उभं तरी कोण करील! गंमत बाजूला ठेवा. आमच्याकडं खांब कधी आले, कुठल्या टेम्पोतून आले, कोण उभं राहून खड्डे घेत होतं, हे फक्त म्हशीवाल्यालाच ठाऊक होतं. पहाटे चारला जागा असणारा कॉलनीत तो एकटाच. पुढं मोजणी झाली, खुणेचे दगड लागले, तेव्हा तो आपणहून दावी सोडून पलीकडं गेला. त्याच्या वडिलांची म्हसरं त्या रानात प्लॉट पडायच्या आधीपासून चरत होती, हे मात्र आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

नऊ जण येतात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. नकाशा, मोजपट्टी, अर्ज आणि वही, चौघांत काम भागतं.

पत्र दुसरं

नदी आमच्यापासून लांब आहे, पण नाला मागंच आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत घरात पाणी आलं. नाल्याला उंच भिंत बांधून द्या, अशी मागणी आमची गल्ली करणार आहे. मसुदा तपासून द्याल का?

उत्तर

मसुदा पाहिला. भाषा चांगली आहे, भिंतीबद्दल मात्र थांबा. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं बंद होतं आणि उलटं मागं येतं. तुमच्याकडं ते नाल्याच्या काठावरून आलं की ड्रेनेजच्या चेंबरमधून वर आलं, हे पत्रात कुठंच नाही. चेंबरमधून आलं असेल तर भिंत बांधून तुम्ही पाणी आत कोंडून घ्याल.

त्याआधी दोन पावसाळ्यांची नोंद करा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पाठ आहे. तुमच्या गल्लीचा आकडा कुठला, ते कुणाला माहीत आहे? बंधाऱ्यावर किती फूट असताना पहिल्या चेंबरचं झाकण हललं, किती असताना पायरी बुडाली, तारीख-वेळ घालून वहीत लिहा. कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारा. २०१९ला बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. त्या वेळची ओल कुणाच्या भिंतीवर अजून दिसत असेल तर तिची उंची रस्त्यापासून मोजून ठेवा, रंगकाम व्हायच्या आत.

जोडीला पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुमच्या वरच्या अंगाला नाल्याच्या काठावर भराव पडत असेल तर त्याचे फोटो तारखेसह काढा. कदाचित तुमची मागणी भिंतीची नसून तो भराव काढण्याची निघेल. आणि विकास आराखडा सुधारला जातो तेव्हा हरकती मागवतात. जाहिरात येते, मुदत तिच्यातच छापलेली असते. त्या वेळी वही आणि भिंतीवरची रेघ घेऊन जाणाऱ्या गल्लीला सुनावणीत बोलायला काहीतरी असतं.

पत्र तिसरं

समिती रजिस्टर करावी का? वर्गणी किती ठेवावी?

उत्तर

सात जण असले की १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते. पण मग दरवर्षीचं ऑडिट आलं, पदाधिकारी बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आला, आणि पुढची भांडणं बागेवरून न होता अध्यक्षपदावरून होतात. निवेदन द्यायला किंवा माहिती मागायला नोंदणी लागत नाही. माहितीचा अर्ज तर व्यक्तीच्याच नावानं करायचा असतो. बँकेत खातं काढण्याइतका पैसा जमेपर्यंत थांबा.

वर्गणी घरटी वीस रुपये. झेरॉक्स आणि स्टॅम्पला पुरतात. हिशेबाची वही मात्र खजिनदाराच्या घरी ठेवू नका. दर महिन्याला घर बदला. पहिल्या उत्तरातली परसबाग वाचली असेल तर का म्हणून विचारणार नाही.