उधारीची वसुली : नोटिशीतला आकडा आणि मुदतीचं गणित

ग्राहकाचा 4,80,000 रुपयांचा चेक वटला नाही. वकिलांनी व्याज धरून 5,10,000 रुपयांची नोटीस पाठवली. चालेल का? (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

चेकची रक्कम नोटिशीत वेगळी लिहून व्याज त्याखाली स्वतंत्र मागितलं असेल, तर अडचण नाही. सरसकट 5,10,000 मागितले असतील, तर चेक न वटल्याबद्दलची, परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 ची केस त्या नोटिशीवर उभी राहणार नाही. कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात चेक एक कोटीचा आणि नोटीस दोन कोटींची होती. टायपिंगची चूक झाली, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळला. निकाल कडक आहे खरा, पण चेक समोर ठेवून आकडा ताडून पाहायला कितीसा वेळ लागतो?

बँकेकडून चेक परत आल्याचं कळून 30 दिवस झाले नसतील, तर लगेच नवी नोटीस पाठवा. ते दिवस उलटले असले तरी चेकच्या तारखेपासून तीन महिने संपायचे असतील, तर चेक पुन्हा भरा. तो पुन्हा परत आल्याच्या बँकेच्या नव्या मेमोवर नवी नोटीस देता येते. दोन्ही मुदती गेल्या असतील, तर दिवाणी दावाच उरतो.

नोटीस 3 मार्चला पोचली, असं धरू. पैसे द्यायला समोरच्याला 18 मार्चपर्यंत वेळ आहे. त्याआधी घाईने दाखल केलेली फिर्याद टिकत नाही. 19 मार्चपासून एक महिन्यात ती दाखल करायची, तीही तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात. नोटीस पोचल्याचं पोस्टाचं ट्रॅकिंग त्याच आठवड्यात छापून ठेवा.

कंपनीकडे फॅब्रिकेशनचे 9 लाख अडकलेत. वकील म्हणतात, दाव्याआधी मध्यस्थी. वेळ फुकट जाणार नाही का? (वर्कशॉपचालक, चाकण)

तीन लाख किंवा त्याहून मोठ्या व्यापारी वादात हा टप्पा टाळता येत नाही. व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम 12अ सक्तीचं आहे, असं 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ठरवलं. मध्यस्थीविना आलेलं वादपत्र (दाव्याचा अर्ज) फेटाळलं जातं. सूट फक्त तातडीचा अंतरिम आदेश खरोखरच हवा असेल तर. त्या नावाखाली पळवाट काढलेली न्यायालयाच्या लगेच लक्षात येते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना 1 आणि 1,000 रुपये फी भरा. कंपनी फिरकलीच नाही, तर तसा अहवाल मिळतो. तो वादपत्राला जोडा. मध्यस्थीचा काळ दावा दाखल करण्याच्या मुदतीतून वगळला जातो. दावा लागल्यावर मात्र तुमचीच बाजू बळकट असते : समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत कैफियत (लेखी उत्तर) आली नाही, तर ती देण्याचा प्रतिवादीचा हक्क संपतो.

लघुउद्योगाची उद्यम नोंदणी माल दिल्यानंतर केली. थकलेल्या बिलावर बँक दराच्या तिप्पट व्याज मिळेल? (पुरवठादार, नाशिक)

आधीच्या पुरवठ्यासाठी त्यावर विसंबू नका. नोंदणीआधीच्या व्यवहारांचा प्रश्न जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. नोंदणीनंतरच्या बिलांचे पैसे देण्याला 45 दिवसांची कमाल मर्यादा लागू. लेखी करार नसेल तर 15 दिवसच.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच आली होती. स्क्रीनशॉट पुरेल? (पॅकेजिंग व्यावसायिक, भिवंडी)

नुसता नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं : भाग अ तुमच्या सहीचा, भाग ब तज्ज्ञाच्या सहीचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली की बदलणारा, तिच्या ठशासारखा सांकेतिक आकडा). म्हणून चॅट आधी एक्स्पोर्ट करा, हॅश काढा, आणि मूळ फोन निकाल लागेपर्यंत विकू नका.