आम्लाच्या पोटात आम्लारी: डीएनएतल्या ‘बेस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: “डीएनए म्हणजे डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक आम्ल. मग या आम्लात चार ‘बेस’ असतात, हे कसं? आम्ल आणि बेस तर एकमेकांच्या उलट. शिवाय मराठीत त्या बेसला कुणी ‘आधार’ लिहितं, कुणी ‘क्षार’, कुणी ‘नत्रयुक्त पदार्थ’. ‘आधार जोडी’ हा शब्द तर बऱ्याच ठिकाणी दिसतो. यातलं बरोबर काय? आणि डबल हेलिक्सला ‘द्विसर्पिल’ म्हणावं का?”

उत्तर आधीच सांगून टाकतो. शब्द ‘आम्लारी’. आम्ल अधिक अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. मुरारी, त्रिपुरारी यांच्याच घडणीचा. शाळेत लिटमस कागदाच्या धड्यात भेटलेला आम्लारी तोच हा. ‘बेस’ असं सरळ लिहिलं तरी माझी हरकत नाही. ‘आधार’ आणि ‘पाया’ मात्र नकोत, आणि ‘क्षार’ तर मुळीच नको.

‘आधार’ कुठून आला हे उघड आहे. कुणीतरी, किंवा हल्ली एखाद्या यंत्राने, शब्दकोशात ‘बेस’चा पहिला अर्थ पाहिला आणि चिकटवून दिला. पण गंमत म्हणजे रसायनशास्त्रातला ‘बेस’ जन्माला आला तो ‘पाया’ याच अर्थाने. गियोम-फ्रांस्वा रुएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७५४ मध्ये हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ आणला. तेव्हा माहीत असलेली बहुतेक आम्लं द्रव आणि उडून जाणारी. अल्कली, धातू किंवा ‘माती’ म्हणून ओळखले जाणारे पदार्थ त्यांच्याशी संयोग पावले की स्थिर, घन क्षार (मिठासारखा पदार्थ) तयार व्हायचा. क्षाराला ज्यामुळे घनपणा येतो तो त्याचा पाया, म्हणून बेस. पुढे क्षारांच्या घडणीची ही कल्पना मागे पडली आणि शब्द तेवढा राहिला. तेव्हा ‘आधार’ व्युत्पत्तीच्या हिशेबाने चुकीचा नाही. पण शब्द वाचणारा माणूस व्युत्पत्ती वाचत नसतो, तो आज त्या शब्दाचा जो अर्थ होतो तो वाचतो.

आणि इथे तो अर्थ थेट उलटं चित्र उभं करतो. ‘आधार’ म्हटलं की वाटतं, बाकी सगळं यांच्यावर उभं आहे. प्रत्यक्षात डीएनएच्या रेणूत (‘अणूत’ नव्हे, ही चूक फार दिसते) धरून ठेवण्याचं काम शर्करा आणि फॉस्फेट करतात. एक डीऑक्सिरायबोज, मग एक फॉस्फेट, पुन्हा डीऑक्सिरायबोज, पुन्हा फॉस्फेट, अशी लांबलचक साखळी असते. तिला ‘कणा’ म्हणतात आणि तो शब्द चपखल आहे. अशा दोन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात; प्रत्येक शर्करेला एक आम्लारी लटकलेला असतो आणि त्याचं तोंड आतल्या बाजूला, दुसऱ्या साखळीकडे, असतं. शर्करा, फॉस्फेट आणि आम्लारी मिळून एक न्यूक्लिओटाइड. फॉस्फेट काढून टाकलं तर उरतो तो न्यूक्लिओसाइड. ‘टा’ आणि ‘सा’ एवढ्याच फरकावर एक अख्खा फॉस्फेट येतो किंवा जातो, म्हणून मुद्रितशोधकांनी इथे डोळ्यांत तेल घालावं.

फॉस्फेट बाहेर की आत, हा प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. १९५३ च्या फेब्रुवारीत लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी डीएनएची तीन साखळ्यांची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात फॉस्फेट मधोमध होते आणि आम्लारी बाहेर. ऋण प्रभाराचे फॉस्फेट इतके जवळजवळ बसणार कसे? तर या रचनेत त्यांचे हायड्रोजन सुटलेलेच नव्हते, त्यामुळे प्रभारच नव्हता. आम्ल म्हणजे तर हायड्रोजन सोडणारा पदार्थ. म्हणजे नावात आम्ल, पण प्रतिकृतीतला रेणू आम्लासारखा वागतच नाही! त्या काळातला सर्वांत मोठा रसायनशास्त्रज्ञ म्हणावा अशा माणसाकडून हे झालं. डीएनएची आज मान्य असलेली रचना पुढे ज्यांनी मांडली त्या वॉटसन आणि क्रिक यांनीही १९५१ मध्ये फॉस्फेट आत ठेवून एक प्रतिकृती केली होती. फॉस्फेट बाहेरच असले पाहिजेत, हे क्ष-किरणांनी डीएनएचा अभ्यास करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी तेव्हाच त्यांना सांगितलं होतं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येऊ. आम्लात आम्लारी कसा?

याचं उत्तर नावं कधी आणि कशाला पडली यात आहे. फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ मध्ये ट्युबिंगेन इथे जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशी घेतल्या आणि त्यांच्या केंद्रकांतून एक फॉस्फरसयुक्त पदार्थ वेगळा केला. त्याला त्यांनी ‘न्यूक्लिन’ म्हटलं. १८८९ मध्ये रिचर्ड आल्टमान यांनी त्यातली प्रथिनं काढून टाकून जे उरलं त्याला ‘न्यूक्लिइक आम्ल’ हे नाव दिलं. हे नाव अख्ख्या पदार्थाचं. दुसरीकडे आल्ब्रेख्ट कोसेल आणि त्यांचे सहकारी त्याच पदार्थाचे तुकडे करून एकेक भाग ओळखत होते. अ‍ॅडेनिन १८८५ मध्ये स्वादुपिंडातून मिळालं आणि ग्रंथी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं. थायमिनचं नाव वासराच्या थायमस ग्रंथीवरून. सायटोसिनच्या नावात पेशी आहे. ग्वानिन आधीपासूनच ठाऊक होतं, आणि त्याच्या नावात ग्वानो, म्हणजे खत म्हणून वापरली जाणारी समुद्रपक्ष्यांची विष्ठा आहे. आनुवंशिकतेच्या चार अक्षरांतलं एक अक्षर विष्ठेतून आलं, यावर फार भाष्य करत नाही. कोसेल यांना १९१० चं नोबेल मिळालं.

हे सुटे झालेले तुकडे आम्लांशी संयोग पावून क्षार देत होते. अ‍ॅडेनिनचा सल्फेट क्षार, ग्वानिनचा हायड्रोक्लोराइड क्षार. आम्लाशी क्षार देतो तो आम्लारी, त्यामुळे या तुकड्यांना ‘बेस’ म्हणणं तेव्हा अगदी स्वाभाविक होतं. थोडक्यात, आम्ल हे नाव सबंध रेणूचं आहे आणि आम्लारी हे त्याच्या सुट्या भागांचं. दोन्ही नावं आपापल्या जागी खरी आहेत.

मग एकत्र असताना आम्लाचीच सरशी का होते? कारण जोर सारखा नाही. कण्यातल्या फॉस्फेटचा हायड्रोजन फार सहज सुटतो. पेशीतला सामू (पीएच) सातच्या आसपास असतो, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण प्रभार असतो. आम्लारींमधल्या नायट्रोजनकडे हायड्रोजन आयन पकडण्याची ताकद असते, पण ती तोकडी. सामू चारच्या आसपास उतरला तर सायटोसिन आणि अ‍ॅडेनिन तो पकडतात, सातला नाही. त्यामुळे पेशीत आम्लारी निष्प्रभार आणि फॉस्फेट मात्र ऋण, असा एकतर्फी मामला असतो. प्रयोगशाळेत जेलमधून विद्युतप्रवाह सोडला की डीएनए धन टोकाकडे सरकतो, तो यामुळेच.

थायमिनचं प्रकरण तर आणखी मजेशीर आहे. त्याला आम्लारी म्हणायचं ते रांगेत उभा आहे म्हणून. आयन घेण्यापेक्षा सामू दहाच्या आसपास गेल्यावर स्वतःचाच हायड्रोजन सोडून देण्याकडे त्याचा कल जास्त. म्हणजे गुणाने तो किंचित आम्लच. आणि दोन साखळ्यांवरचे समोरासमोरचे आम्लारी जोडी जमवतात, तेव्हा नेमका हाच स्वभाव कामी येतो. अ‍ॅडेनिन आणि थायमिन यांच्या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात. त्यातला जो नायट्रोजन ते नायट्रोजन असा आहे तो जवळून पाहा. थायमिनच्या वलयातल्या नायट्रोजनवर एक हायड्रोजन आहे. अ‍ॅडेनिनच्या वलयातला समोरचा नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी त्याच्या रोखाने पुढे करतो. हायड्रोजन थायमिनला सोडून जात नाही, पण ओढला जातो. ग्वानिन आणि सायटोसिन यांच्यात बंध तीन. त्यातल्या मधल्या बंधात हायड्रोजन ग्वानिनचा आणि तो ओढणारा नायट्रोजन सायटोसिनचा. म्हणजे प्रत्येक जोडीच्या मधोमध आम्ल-आम्लारी संबंधाचा एक अर्धवट राहिलेला अवतार बसलेला आहे. ‘आम्लारी-जोडी’ हा शब्द म्हणूनच मला ‘आधार जोडी’पेक्षा कितीतरी अर्थपूर्ण वाटतो. ‘आधार’ म्हटलं की यातलं काहीच सुचत नाही.

या जोड्यांमधले हायड्रोजन नेमके कुठे असतात, यावरच वॉटसन काही काळ अडले होते. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांत थायमिन आणि ग्वानिनचे हायड्रोजन भलत्याच जागी दाखवलेले होते. जेरी डोनोह्यू या सहकाऱ्याने ते दुरुस्त करून दिले आणि जोड्या जुळल्या. एर्विन शारगाफ यांनी अ‍ॅडेनिन आणि थायमिनचं प्रमाण सारखं, ग्वानिन आणि सायटोसिनचं सारखं, हे आधीच दाखवलं होतं. त्याचा उलगडाही त्यातच झाला.

‘क्षार’ का नको, ते आता सोपं आहे. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. मीठ हा त्याचा नमुना. हिंदीत ‘क्षार’ आणि ‘क्षारक’ हे शब्द बेसच्या घराण्यात वापरतात, आणि तिथून अनुवाद करताना तो शब्द तसाच मराठीत उतरतो. खरं तर क्षार म्हणायचंच असेल तर अख्ख्या डीएनएला म्हणावं! ऋण प्रभार असलेले फॉस्फेट एकटे राहत नाहीत, सोडियमसारखे धन आयन त्यांच्याभोवती असतात. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’च्या अंकात वॉटसन-क्रिक यांच्या लेखाबरोबर फ्रँकलिन आणि रेमंड गॉस्लिंग यांचा जो लेख होता, त्याच्या शीर्षकात डीएनए हा शब्दच नाही, तिथे ‘सोडियम थायमोन्यूक्लिएट’ आहे, म्हणजे थायमसमधल्या न्यूक्लिइक आम्लाचा सोडियम क्षार.

‘नत्रयुक्त पदार्थ’ हा शालेय पुस्तकांतला शब्दप्रयोग चूक नाही, ढिला आहे. युरिया नत्रयुक्त, अमोनिया नत्रयुक्त, सगळी प्रथिनं नत्रयुक्त. ‘नत्रयुक्त आम्लारी’ म्हणा, म्हणजे वाद मिटला.

जाता जाता, डीएनए नावाच्या आम्लाचा पेशीतला खरा अरी वेगळाच आहे. हिस्टोन नावाची प्रथिनं लायसिन आणि आर्जिनिन या आम्लारिधर्मी अमिनो आम्लांनी भरलेली असतात आणि त्यांच्यावर धन प्रभार असतो. आठ हिस्टोनांच्या एका गोळ्याभोवती डीएनएच्या सुमारे १४७ जोड्यांचा भाग गुंडाळला जातो. शत्रू म्हणावा तर हा, आणि काम करतो सांभाळण्याचं. हिस्टोनांचा शोध १८८४ मध्ये लावला तोही कोसेल यांनीच.

राहिला ‘द्विसर्पिल’, म्हणजे दोन साखळ्यांच्या या वळणदार रचनेचं, डबल हेलिक्सचं, मराठी नाव. हा शब्द आता रुजला आहे, परीक्षेत तोच लिहावा. पण मला तो खटकतो. आपण ‘सर्पिल दीर्घिका’ म्हणतो तेव्हा मध्यापासून बाहेर पसरत जाणारं वळण मनात असतं. डीएनएचं वळण तसं नाही. त्याची रुंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत सुमारे २ नॅनोमीटरच राहते, आणि साधारण साडेदहा जोड्यांमागे एक फेरा पुरा होतो. अशा वळणाला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: मळसूत्र. स्क्रूचे आटे जसे एकाच रुंदीने वर चढतात तसं. या शब्दाचा आणखी एक फायदा आहे. नेहमीचा स्क्रू उजव्या वळणाचा असतो आणि पेशीतला नेहमीचा डीएनएही. चित्रात डीएनए उभा धरा आणि समोरच्या बाजूने दिसणारा कणा पाहा: तो खालून डावीकडून वर उजवीकडे चढत असेल तर चित्र बरोबर. उलट असेल तर चित्रकाराने चुकून आरसा धरला आहे, आणि अशी चित्रं मुखपृष्ठांवर, बोधचिन्हांवर भरपूर सापडतात. (डाव्या वळणाचा झेड-डीएनए असतो हे खरं, पण तो बोधचिन्हासाठी मुद्दाम निवडणारा कुणी विरळाच.)

‘स्ट्रँड’साठी धागा, साखळी, शृंखला यांपेक्षा मला ‘पेड’ आवडतो. दोराचा असो की वेणीचा, पेड हा दुसऱ्या पेडाबरोबर वळण्यासाठीच असतो. डीएनए दुपेडी आहे. आरएनए बहुतेक वेळा एकपेडी असतो. ‘दुपेडी मळसूत्र’ म्हटलं की हेलिक्सही आलं आणि डबलही. फक्त एक भर घालावी लागते: हे दोन पेड उलट दिशांनी जातात, एकाचं सुरुवातीचं टोक तिथे दुसऱ्याचं शेवटचं. ‘दोन समांतर धागे’ असं लिहिताना ‘प्रतिसमांतर’ किंवा सरळ ‘उलट दिशांचे’ हे शब्द गाळू नयेत.

शेवटी लेखनाचं. सुटा शब्द ‘आम्लारी’, दीर्घ. समासात ‘आम्लारिधर्मी’, ‘रि’ ऱ्हस्व. अनेकवचन तेच राहतं, चार आम्लारी. मोजताना मात्र जपावं. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात सुमारे ३१० कोटी आम्लारी-जोड्या असतात. ‘३१० कोटी आम्लारी’ असं लिहिलं तर निम्मेच मोजले जातात.